मुंबई ते मॉरिशस : अंतर एकच, परतवाट वेगळी

१/ मुंबई ते मॉरिशस हे सरळ हवाई अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर आहे. थेट विमानाला साधारण सहा तास लागतात. तेथील घड्याळ आपल्या दीड तास मागे असल्याने सकाळी सहाला निघालेला प्रवासी स्थानिक वेळेनुसार साडेदहाच्या सुमारास उतरतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तेथे गेलेल्या मराठी मजुरांसाठी हे बेट किती दूर होते? #थ्रेड

२/ पार्श्वभूमी साखरेची. मॉरिशसमधील गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना मजूर हवेच होते. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, कलकत्त्याहून आलेल्या ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ करारबद्ध मजूर पोर्ट लुई येथे पोहोचले होते. करार ५ वर्षांचा, मजुरी महिना ५ रुपये.

३/ फसवणूक व छळाच्या तक्रारींमुळे ही भरती काही काळ बंद करण्यात आली. १८४२ मध्ये कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून ती पुन्हा सुरू झाली. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातील व देशावरील मराठी भाषकही होते.

४/ शिडाच्या जहाजाचा वेग वाऱ्याच्या स्वाधीन. ईशान्य मोसमी वारे दक्षिणेकडे जाण्यास साह्यभूत ठरत. तरीही प्रवास आठवड्यांत मोजावा लागे.

५/ परंतु बेट खऱ्या अर्थाने दूर गेले ते कायद्यामुळे. करार संपल्यावर मजुराला परतीचा मोफत प्रवास मिळत असे. १८५०च्या दशकात ही सवलत बंद झाली. समुद्र तेवढाच होता. परतीचे भाडे मात्र आता पाच रुपयांच्या पगारातून साठवावे लागणार होते.

६/ बेटावरही हालचाल मोकळी नव्हती. १८६७ च्या मजूर कायद्यानुसार करार संपलेल्या मजुरांनाही स्वतःचे छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगावा लागे. १८७१ मध्ये या जाचाविरुद्ध ९,४०१ जणांनी अर्ज केला. त्यानंतर शाही चौकशी आयोग नेमला गेला.

७/ एकूण सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर मॉरिशसला गेले. त्यांतील बहुसंख्य तेथेच राहिले. ज्या ठिकाणी त्यांची नोंद होई, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. मराठी समाज तेथे आजही आहे आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

८/ म्हणून स्थलांतराचा इतिहास वाचताना नकाशावरील किलोमीटरांबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत : परतीचे भाडे कोण देणार होते, आणि परतण्याची मुभा कोणाच्या हाती होती?