पलटणीचं छप्पर, डुकरिणीचं बाळंतघर

ब्रिटनमध्ये पैदाशीसाठी पाळलेल्या डुकरिणींपैकी साधारण ४० टक्के डुकरिणी उघड्या रानात वितात. उघड्या म्हणजे अगदी आभाळाखाली नव्हे. प्रत्येकीला पत्र्याचं स्वतंत्र खोपट मिळतं. लंडनहून नॉर्विचकडे जाणारा ए-११ रस्ता थेटफर्डच्या आसपास रेताड पट्ट्यात शिरला, की शेतांमध्ये अशी खोपटं ओळीनं मांडलेली दिसतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, पलटणीचा तळ पडला आहे. एका छायाचित्रात मी ती ओळ पाहिली तेव्हा मलाही तेच वाटलं, आणि हे वाटणं अगदीच वेडगळ नसावं असा संशय आला. पुढचं सगळं त्या संशयाचं देणं आहे.

आधी वस्तू नीट पाहू. तिथले शेतकरी तिला ‘आर्क’ म्हणतात. पन्हळी पत्रा कमानीसारखा वाकवून दोन्ही टोकं जमिनीला टेकवलेली. मागची बाजू बंद, पुढच्या बाजूला डुकरीण आत शिरेल एवढं दार. अडीच-पावणेतीन मीटर लांब, दीड-पावणेदोन मीटर खोल, उंची माणसाच्या कमरेच्या जरा वर. बहुतेक खोपटांना तळ नसतो. जमिनीवरच काडाचा जाड थर पसरतात. पाठ वाऱ्याकडे, मागे उन्हाळ्यात उघडायची झडप. दारापुढे एक बुटका कठडा असतो, त्याला ‘फेंडर’ म्हणतात. चारा-पाण्याला बाहेर पडताना डुकरीण पाय उचलून तो ओलांडते. पिल्लांना मात्र पहिले दहाबारा दिवस तो ओलांडता येत नाही. वेत उरकलं, पिल्लं दुधावरून तोडली, की ट्रॅक्टर खोपट उचलून ताज्या जमिनीवर नेतो. रोगराई जुन्या जागेवर राहते, घर पुढे जातं.

नवजात पिल्लाला तिशीच्या वरचं तापमान लागतं, आईला विशीच्या आतलं सोसतं. एकाच खोलीत दोघांची सोय करायची, तर बंदिस्त शेडमध्ये विजेचा दिवा लावावा लागतो. इथं ते काम काड करतं. पिल्लं काडात आणि एकमेकांच्या अंगाखाली घुसतात, आईच्या पोटाची ऊब घेतात. आईची पाठ दाराकडच्या गारव्यात राहते.

आता कुळ. पन्हळी पत्र्याचं पेटंट १८२९ सालचं, लंडनच्या गोदीतल्या हेन्री रॉबिन्सन पामर या इंजिनिअरचं. त्यावर जस्ताचा मुलामा चढवण्याची युक्ती १८३७ मधली, फ्रान्समधल्या सोरेलची. आपल्याकडे पडवीवर, वखारीवर आणि गणपतीच्या मांडवावर जो पत्रा वाजतो, त्याचे मूळपुरुष हेच. इथवर वाद नाही.

वाद पुढे आहे. माझं म्हणणं असं, की डुकरिणीचं हे कमानघर युद्धातून आलं, आणि त्याचा बाप मेजर पीटर नॉर्मन निसेन.

निसेन १८७१ साली अमेरिकेत जन्मला. वडील नॉर्वेहून आलेले, हा स्वतः खाणींचा इंजिनिअर. खनिज कुटायचं एक यंत्रही त्याच्या नावावर आहे. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिश सैन्याच्या रॉयल इंजिनिअर्समध्ये होता. १९१६ च्या वसंतात सैन्यापुढे पेच होता तो निवाऱ्याचा. तंबू चिखलात टिकेनात, लाकडी बराकी वेळेत उभ्या राहीनात. निसेननं भिंत आणि छप्पर हा भेदच काढून टाकला. पन्हळी पत्र्याची अर्धगोल कमान थेट जमिनीपर्यंत आणली, दोन्ही तोंडं लाकडी भिंतींनी बंद केली. सोळा फूट रुंद, सत्तावीस फूट लांब. सगळे सुटे भाग लष्कराच्या एका तीन टनी ट्रकमध्ये मावत, सहा माणसं चार तासांत झोपडी उभी करत. शर्यत लावली तेव्हा १ तास २७ मिनिटांत उभी केल्याची नोंद आहे. वाकवलेले पत्रे एकात एक बसतात, म्हणून जागा कमी लागते. या युक्तीची खरी चलाखी मला त्यात दिसते. ऑगस्टमध्ये उत्पादन सुरू झालं आणि युद्ध संपेपर्यंत किमान एक लाख झोपड्या तयार झाल्या. कॅनडात किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात शिकताना पाहिलेल्या बर्फावरच्या हॉकीच्या रिंगणाच्या छपरावरून त्याला हे सुचलं, असं सांगतात.

युद्ध संपलं की लष्कराचा माल स्वस्तात निघतो. निसेनच्या झोपड्या शेतांवर गेल्या: कुणी गवत भरलं, कुणी अवजारं, कुणी जनावरं बांधली. फौजेसाठी बांधलेल्या घरांना असा दुसरा जन्म मिळणं आपल्याला नवं नाही; उल्हासनगर अख्खं लष्करी छावणीच्या बराकींतून उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धात तर नॉरफोक आणि सफोक या परगण्यांत विमानतळांची दाटी झाली आणि त्यांच्या कडेनं निसेन झोपड्यांच्या रांगा लागल्या. आज रानातल्या डुकरांसाठी प्रसिद्ध असलेले परगणे हेच! हे लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच.

इथं विरोधी पक्षाचं ऐकायला हवं. ते म्हणतील, डुकरं तिथं आहेत ती रेताड, पाणी न साठणाऱ्या जमिनीमुळे आणि कमी पावसामुळे. जड मातीत डुक्कर चिखल करून ठेवतं. हे खरं आहे, आणि डुकरं तिथं असण्याला एवढं कारण पुरेसं आहे. पण खोपटाचा आकार माती ठरवत नाही.

दुसरा दावेदार अधिक तगडा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९११ साली, म्हणजे निसेनच्या पाच वर्षं आधी, शेतकऱ्यांसाठी डुकरांच्या घरांवर पुस्तिका काढली होती. तिथल्या मध्यपश्चिम भागात एका डुकरिणीपुरतं, हलवता येणारं लाकडी घर तेव्हा चांगलंच परिचित होतं. दोन उतरती पाखी वर एकमेकींना टेकवलेली, इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी. म्हणजे एका आईला एक घर, ते ओढून नेता येईल असं, आणि रानात. या तिन्ही कल्पना लष्कराच्या नव्हेत. त्यांचं श्रेय मी मुकाट्यानं अमेरिकी शेतकऱ्याला देतो. माझा दावा फक्त छपराच्या वळणापुरता.

त्या वळणावरही हक्क सांगणारे आहेत. इंग्लंडमध्ये गवत साठवायच्या उंच शेडवर कमानी पत्रा व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून होता. तो निसेनच्या आधीचा, हे मान्य. पण तो खांबांवर उभा असतो. जमिनीला टेकलेली, भिंतच नसलेली कमान ही निसेनची खूण. चुलत्याला बाप म्हणायचं कारण नाही.

तिसरा दावेदार मला स्वतःलाच काही काळ पटला होता: अँडरसन शेल्टर. बॉम्बहल्ल्यापासून वाचण्यासाठी परसात अर्धं पुरायचं पन्हळी पत्र्याचं हे भुयार १९३९ च्या फेब्रुवारीपासून ब्रिटनमध्ये घरोघर वाटलं गेलं. वर्षाला अडीचशे पौंडांपेक्षा कमी मिळकत असणाऱ्यांना फुकट, बाकीच्यांना सात पौंडांत. साडेसहा फूट लांब, साडेचार फूट रुंद. नाव मिळालं ते सर जॉन अँडरसनवरून; त्याआधी तो बंगालचा गव्हर्नर होता आणि १९३४ मध्ये दार्जिलिंगजवळ लेबाँगच्या घोड्यांच्या शर्यतींत त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. युद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये गल्लोगल्ली डुकरं पाळायचे क्लबही निघाले होते, आणि युद्धानंतर कित्येक शेल्टर परसातल्या खोपट्या झाल्या. माप तर डुकरिणीच्या घराच्या बरंच जवळचं. मोह पडावा असंच सगळं. पण शेल्टरची बाजू सरळ उभी, वळण फक्त माथ्याला. आणि ते जमिनीत पुरायचं, हलवायचं नाही. त्याला मामाचा मान देऊ.

माझ्या बाजूचा सगळ्यात वजनदार पुरावा अमेरिकेतून येतो. अमेरिकी नौदलानं १९४१ मध्ये निसेनची झोपडी सुधारून घेतली आणि ऱ्होड आयलंडमधल्या क्वोनसेट पॉइंट या तळावरून तिला क्वोनसेट नाव पडलं. आज अमेरिकी शेतकरी डुकरिणीच्या कमानी खोपटाला काय म्हणतो? क्वोनसेट. वंशावळ त्याच्या तोंडात आहे.

मग ब्रिटिशांनी ‘आर्क’ का म्हणावं? इथं खरी गुंतागुंत आहे, आणि देवनागरीत ती दिसतच नाही, कारण आपण दोन्ही शब्द सारखेच लिहितो. इंग्रजीत कुणी शेवटी ‘के’ लिहितं, कुणी ‘सी’. ‘के’वाला आर्क लॅटिनमधल्या पेटीवरून आला. उत्तर इंग्लंडमध्ये पीठ ठेवायच्या लाकडी पेटाऱ्याला आर्क म्हणत. कापड गिरण्यांच्या इतिहासात भेटणाऱ्या रिचर्ड आर्कराइटचं आडनाव म्हणजे पेटारे घडवणारा. नोहाचं जहाजही आर्क आणि दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटीही आर्क. मराठी बायबलानं एकाला तारू म्हटलं, दुसऱ्याला कोश, आणि घोळ टाळला. ‘सी’वाल्या आर्कचं मूळ वेगळं, धनुष्याच्या लॅटिन शब्दात. आपली कमान तशीच: तीरकमानीतली कमान आणि वेशीवरची कमान एकच.

पेटी की धनुष्य? तारवाची गोष्ट सगळ्यांना आवडते, कारण तिच्यात जनावरांची जोडी-जोडी चढते. पण कोंबड्यांच्या हलवता येणाऱ्या तिकोनी खुराड्यालाही इंग्रजीत ‘के’वाला आर्कच म्हणतात, आणि तिथं वळणाचा मागमूस नाही. माझा कयास असा: पेटीवरून आलेलं नाव तिकोनी लाकडी घराचं. कमानी पत्रा आला तेव्हा नाव तेच राहिलं, आणि नव्या घराचं वळण पाहून काहींनी शेवटचं अक्षर बदललं. निसेनच्या झोपडीचं पूर्ण नाव ‘निसेन बो हट’ होतं, म्हणजे धनुष्य-झोपडीच. ‘सी’ लिहिणाऱ्यांना मी चुकलेले म्हणणार नाही.

युद्धानंतर ब्रिटनमध्ये रानातली डुकरं पुन्हा मांडली ती १९५० च्या दशकात, रिचर्ड रोडनाइट या शेतकऱ्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीनं. पाठोपाठ बंदिस्त शेड आणि विणाऱ्या डुकरिणीला वळताही न येणारा लोखंडी पिंजरा आला. त्याची कुळकथा लांबलचक आहे, पण मला तिच्यात रस नाही.

रस आहे तो डुकरिणीच्या मतात. १९८० च्या सुमारास एडिंबरा इथं स्टोल्बा आणि वुड-गश या संशोधकांनी शेडमध्ये वाढलेली डुकरं टेकडीवरच्या झाडीत मोकळी सोडली. व्यायची वेळ आली की डुकरीण कळपापासून दूर जाई, आडोशाची जागा शोधी, नाकानं खळगा उकरी आणि तोंडानं गवत-फांद्या आणून रची. पिढ्यान्‌पिढ्या सिमेंटवर राहूनही हे विसरलं गेलं नव्हतं. रानडुकरीण हेच करते. काड घातलेलं, पाठ वाऱ्याकडे केलेलं कमानघर हे त्या घरट्याच्या बरंच जवळ जातं; निसेननं काही तिच्यासाठी ते आखलं नव्हतं.

राहिला प्रश्न पिल्लांच्या जिवाचा. दोनशे किलोंहून जड आई खाली बसते आणि दीड किलोच्या आतलं पिल्लू चिरडतं. पहिल्या दोन-तीन दिवसांतले बरेचसे मृत्यू असे होतात. टेक्सस टेक विद्यापीठात जॉन मॅकग्लोन यांनी इंग्लिश कमानघर आणि अमेरिकी घर शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा इंग्लिश घरात जास्त पिल्लं जगली. मी लगेच वळणाच्या नावानं गुलाल उधळणार होतो, पण इंग्लिश घर ऐसपैसही होतं, तेव्हा श्रेय वाटून द्यावं लागेल. तरी वळणाचं काम उघड आहे. बुटकी कमान जमिनीशी तिरकी भिडते, डुकरिणीची पाठ कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि ती उतरत्या पत्र्याला टेकून सावकाश घसरत बसते. तेवढ्यात पिल्लू सटकतं.

स्कॉटलंड आणि न्यूकासलच्या संशोधकांनी पिंजऱ्याला पर्याय म्हणून शेडमधली ‘पिगसेफ’ नावाची मोकळी बाळंतकोठडी तयार केली, तिच्यातही टेकून बसायला उतरत्या भिंती दिल्या. रानातल्या खोपटाचा गुण शेडमध्ये गेला, असं मी समजतो. स्वीडन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड यांनी पिंजऱ्यावर कधीच बंदी घातली. ब्रिटननं १९९९ मध्ये गाभण डुकरिणींचे अरुंद कप्पे बंद केले, पण व्यायच्या वेळचा पिंजरा कायद्यानं चालू ठेवला.