मुंबईतल्या गर्भवती आणि फोलिक ॲसिडचा शोध

फोलिक ॲसिडची कथा बहुधा १९४१ पासून सांगितली जाते. त्या वर्षी अमेरिकेत मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी सुमारे चार टन पालकातून हे द्रव्य वेगळे काढले. १९४५ मध्ये लेडर्ली कंपनीत ते कृत्रिमरीत्या तयार झाले, त्या कामात येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा होता. पण या ब-जीवनसत्त्वाचा माग ते पालकातून निघण्याच्या दहा वर्षे आधी मुंबईत लागला होता, आणि तो लागला तो रसायनशास्त्रामुळे नव्हे, तर ‘आजारी कोण पडते?’ या साध्या प्रश्नामुळे.

ब्रिटिश डॉक्टर ल्यूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत गर्भारपणातील गंभीर रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. रुग्णांत कापड गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी कमी, पण आकाराने मोठ्या असत. हा रोग गरिबांत जास्त, आणि भाजी, फळे व प्रथिने ज्यांच्या वाट्याला कमी येत त्यांच्यात विशेष आढळे. म्हणून विल्स यांचा संशय आहारावर गेला. यावर रास्त आक्षेप असा, की दाटीवाटीच्या वस्तीत संसर्गही तितकाच संभवतो. त्यांच्या उंदरांवरील प्रयोगांत तर उवांमार्फत पसरणाऱ्या बार्टोनेलाच्या संसर्गाने घोळ घातलाच. पण पुढे या स्त्रियांसारखाच निकृष्ट आहार दिलेल्या माकडांचा रक्तक्षय मार्माइट या यीस्टच्या अर्काने बरा झाला, आणि गर्भवतींनाही त्याचा गुण आला. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

ज्या द्रव्याचे नावही ठाऊक नव्हते, त्याचा शोध लागला असे कसे म्हणायचे? आणि यकृताने पर्निशियस ॲनिमिया हा रक्तक्षय बरा होतो, हे तर मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्येच दाखवले होते. उत्तर विल्स यांच्याच पुढील कामात आहे. शुद्ध केलेला यकृताचा अर्क या स्त्रियांना उपयोगी पडेना, कच्चा अर्क मात्र पडे. म्हणजे शुद्धीकरणात गळून जाणारे दुसरे काही तरी द्रव्य होते; तेच पुढे फोलिक ॲसिड ठरले. शुद्ध अर्कात उरणारे ब-१२ जीवनसत्त्व १९४८ मध्ये हाती आले आणि हा भेद पक्का झाला.

फोलिक ॲसिडच्या रेणूत टेरिडिन, पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल आणि ग्लुटामिक आम्ल असे तीन भाग जोडलेले असतात. शरीरात त्याचे क्रियाशील रूप एकेका कार्बन अणूचे गट वाहून नेते. त्यांतूनच डीएनएला लागणारे थायमिडीन घडते. ते कमी पडले की पेशी वाढते, पण वेळेवर विभागत नाही. मोठ्या पेशींचे कारण हेच. गर्भ वाढत असताना विभाजनाचा वेग आणि म्हणून गरजही वाढते, तेव्हा आहारातली उणीव तिथेच आधी उघडी पडते. रसायनशास्त्राने मुंबईतील निरीक्षणाचे कारण सांगितले. पण कारण शोधावे असे काही आहे, हे आधी त्या निरीक्षणाने दाखवले. फोलिक ॲसिडच्या गोळीने मजुरी वाढत नाही, हे खरे. तरीही रोगाचे मूळ ताटात आहे हे सिद्ध झाल्यावर, तो गरिबांच्या अस्वच्छतेचा दोष म्हणून झटकून टाकता येईना.