गादीचा मान आणि कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. प्रकरण धर्मगुरूचे असेल, तर वडीलधारी माणसे त्याला 'बाहेर वाच्यता नको' एवढी पुस्ती जोडतात. कॅथलिक चर्चवरचा लोकांचा विश्वास ज्या प्रकरणांनी हादरला, त्यांच्या मुळाशी हीच समजूत होती. २००२ च्या जानेवारीत अमेरिकेतील 'बॉस्टन ग्लोब' या वृत्तपत्राने उघड केले, की मुलांवर अत्याचार करणाऱ्या पाद्र्यांच्या तक्रारी वरिष्ठांना ठाऊक होत्या, तरीही त्या पाद्र्यांची केवळ एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये बदली होत राहिली. त्याच डिसेंबरात तेथील आर्चबिशप कार्डिनल लॉ यांना पद सोडावे लागले. २०१८ साली पेनसिल्व्हेनियातील ग्रँड ज्युरीच्या अहवालात तीनशेहून अधिक पाद्री आणि हजारावर बालके यांची प्रकरणे निघाली. पापाने भाविकांना दुःख झाले. परंतु त्यांचा विश्वास उडाला तो पाप झाकणाऱ्यांवरून.

हे दूरदेशीचे म्हणून आपल्याला सोडून देता येत नाही. बडोद्याला १९६६ पासून स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत आहे, आणि मुलांना निर्धास्तपणे कॉन्व्हेंट शाळेत घालणारी मराठी घरे येथे पुष्कळ आहेत. शिवाय हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती मंडळींचा नव्हे. गुजराती आणि मराठी समाजाने तो आपल्याच धर्मात पूर्वी अनुभवला आहे.

मुंबईचे करसनदास मुळजी स्वतः वैष्णव. आपल्या 'सत्यप्रकाश' पत्रातून त्यांनी १८६० साली लिहिले, की पुष्टिमार्गातील काही महाराज भक्तांच्या बायकामुलींशी दुराचार करतात. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर पन्नास हजार रुपयांची अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये म्हणून भाटिया जातीतल्या पुढाऱ्यांनी एकजूट केली. त्याबद्दल वेगळा खटला होऊन त्यांना दंड झाला. तरीही साक्षीदार पुढे आले. त्यांत आपले डॉ. भाऊ दाजी लाड होते. महाराजांवर आपण उपदंशाचे उपचार केले, हे त्यांनी भर न्यायालयात सांगितले. २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला आणि करसनदासांना साडेअकरा हजार रुपये खर्चापोटी मिळाले. जे नीतीला सोडून आहे ते धर्माच्या नावाने शुद्ध ठरत नाही, हे न्यायमूर्ती आर्नोल्ड यांच्या निकालाचे सार होते.

मुंबईत हे एका पत्रकाराला पदरमोड करून करावे लागले. बडोद्यात राजानेच ते मनावर घेतले. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९१५ साली हिंदू पुरोहित कायदा झाला. पौरोहित्य करायचे तर परीक्षा उतरली पाहिजे, आणि विधीचा अर्थ यजमानाला त्याच्या भाषेत सांगितला पाहिजे, असा त्याचा आशय. जन्माने मिळालेला मान आता कसोटीला लागला. पुढे १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पुरोहितासाठी सरकारी परीक्षा व सनद सुचवली. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर शिकून त्यांनी येथे नोकरीही केली होती.

त्यापुढचे पाऊल १९३३ चे. अज्ञान मुलांना संन्यासदीक्षा देण्यावर बडोदे सरकारने कायद्याने बंदी घातली. धर्मात ढवळाढवळ होते म्हणून जैन समाजातून मोठी ओरड झाली. बालदीक्षा आणि अत्याचार यांना एका तागडीत घालणे अन्यायाचे होईल. तरी त्या कायद्यातले तत्त्व आज मोलाचे वाटते: मूल स्वतःचे हित सांगू शकत नाही, म्हणून गुरू कितीही पूज्य असला तरी मुलाच्या बाजूने बाहेरचे कोणीतरी उभे असले पाहिजे.

चर्चला हे उशिरा उमगले. २०१९ च्या डिसेंबरात पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकरणांवरील 'पोपचे गुपित' हा गोपनीयतेचा नियम उठवला. भारतात त्याआधीच, २०१२ च्या पोक्सो कायद्याने, बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांत कळवणे बंधनकारक केले. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्यालाही शिक्षा आहे. मग तो प्रमुख बिशप असो, मठाधिपती असो की मदरशाचा मौलवी. हा कायदा ठाऊक असलेल्या आईबापांनी मुलाची तक्रार घरातल्या घरात जिरवणे, हाही गुन्ह्याला हातभारच होय.

अशाने श्रद्धा बुडेल, ही भीती करसनदासांच्या काळीही घातली जात होती. हवेल्या काही ओस पडल्या नाहीत. आजही बडोद्यात झांकीच्या वेळी दर्शनाला गर्दी लोटते. ठाकुरजी तेच, भक्तीही तीच. महाराजांना मात्र चारचौघांसारखे साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते, हे १८६२ नंतर सर्वांना कळून चुकले. धर्मगुरूवर पुन्हा विश्वास टाकायला भाविकाला तेवढाच आधार पुरतो.