जोडीतल्या एका बैलाची किंमत

२०२२ च्या सप्टेंबरात लंपी त्वचारोगाची साथ पसरली तेव्हा राज्य सरकारने सबंध महाराष्ट्र 'नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर केला. गुरांचे बाजार बंद, गुरांची ने-आण बंद. चिचगडात आमच्याकडे त्या दिवाळीत धान कापणीला आले होते आणि मला नेमका तेव्हाच शेजाऱ्यांचा बैल विकत घ्यायचा होता. गावातल्या गावात दावे बदलायला कुठल्या वाहतुकीची गरज नव्हती. अडचण वेगळीच होती. बाजार भरत नव्हता, म्हणजे भाव नव्हता.

हे शेजारी माझ्या वडिलांच्या वयाचे. मी त्यांना काकाजी म्हणतो, ते मला गुरुजी म्हणतात, कारण मी शाळेत शिकवतो. त्यांच्याकडे एक बैल, चांद्या. माझ्याकडे एक, लाल्या. दोघांचीही शेती इतकी थोडी की दोन-दोन बैल बाळगणे परवडत नाही, म्हणून सहा हंगाम आम्ही सावड केली होती. चांद्या डावीकडे, लाल्या उजवीकडे. आधी त्यांच्या बांध्यांत चिखलणी, मग माझ्या. आता काकाजींचे गुडघे चिखलात उतरू देत नव्हते, मुलगा शहरात नोकरीला होता आणि शेती ठेक्याने द्यायचे ठरले होते. त्यांनी स्वतःच विषय काढला, "चांद्या तुमीच ठेवा जी." किंमत विचारली तर म्हणाले, "तुमी सांगा." मी म्हणालो, तुम्ही सांगा. यात आठ दिवस गेले.

त्या आठ दिवसांत मी वाचायला बसलो. मास्तरकी करणाऱ्याची खोड ही, बैल घ्यायचा तरी पुस्तक उघडायचे. पण शोध घेतल्यावर एक गोष्ट लक्षात आली. जुन्या धर्मशास्त्रकारांनी जनावराची किंमत किती असावी यावर जेवढा विचार केला, त्याहून कितीतरी अधिक विचार घेणाऱ्याला पस्तावायला किती दिवस मिळावेत यावर केला आहे. मनुस्मृती खरेदी-विक्री रद्द करायला सरसकट दहा दिवस देते. याज्ञवल्क्यस्मृती अधिक बारकाईने जाते: बियाणे पारखायला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन. (त्याच यादीत दास-दासींच्याही मुदती आहेत, हे वाचून पुढे सरकताना जरा थांबायला होते.) दुभत्या गाईचे खोटे तीन धारांत उघडे पडते, बैलाला मात्र दोन-चार दिवस जुंपावे लागते, हे ज्याने लिहिले त्याला कोठा माहीत होता.

कौटिल्य याहून सैल आहे. आजारी जनावर निरोगी म्हणून विकणाऱ्याला त्याने बारा पण दंड सांगितला आणि चौपायांचा सौदा मोडायला तीन पंधरवडे दिले; चांगले-वाईट कळायला तेवढा काळ पुरतो, असे कारणही दिले. त्याच अर्थशास्त्रात जमिनीच्या विक्रीबद्दल आणखी एक नियम आहे. जमीन विकत घेण्याचा पहिला हक्क भाऊबंदांचा, मग शेजाऱ्यांचा, मग सावकाराचा. आणि बोली लावताना चढाओढीने किंमत वाढली, तर ती वाढ विकणाऱ्याला मिळायची नाही, राजाच्या कोशात जायची. राजाला पैसा हवा होता हे उघड आहे. तरी त्यामागे एक समजूतही दिसते, की वस्तूची एक आपली किंमत असते आणि दोघांच्या ईर्ष्येने चढलेला भाग हा तिचा नव्हे.

आपल्या बाजारांनी ही ईर्ष्याच झाकून ठेवली. गुरांच्या बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली हात घालून बोटे दाबतात, हे पाहिलेला माणूस अजून गावोगाव भेटेल. बोलायचे झाले तर व्यापाऱ्यांची नंदभाषा होती: केवली म्हणजे एक, उधानू म्हणजे तीन, पोकू चार, मुळू पाच. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्याच बैलाचा भाव कळू नये, यासाठी एवढी खटपट. विदर्भातल्या कारंजा इथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांचा कायदा झाला, लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शेती आयोगाने १९२८ च्या अहवालात असे बाजार सर्वत्र व्हावेत म्हटले. कापूस उघड्या बोलीवर आला. बैल पुष्कळ ठिकाणी रुमालाखालीच राहिला.

रुमालाखाली दाबल्या जाणाऱ्या बोटांत काय काय मोजलेले असते? दात आधी. आदत म्हणजे दुधाचे दात न पाडलेला, मग दोनदाती, चारदाती, सहादाती आणि सगळे आठ दात आले की जुळलेला. तोवर बैल साधारण चार-साडेचार वर्षांचा होतो. पुढे वय दातांच्या झिजेवरून आणि विकणाऱ्याच्या शब्दावरून. मग खूर, खांदा, चाल. आमच्याकडच्या कठाणी बैलाला पश्चिम महाराष्ट्राच्या खिल्लारचा रुबाब नाही, पण गोंदिया-गडचिरोली-चंद्रपूरच्या धानाच्या चिखलात तो हलका चालतो. काही वर्षांपूर्वी त्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदही झाली. आणि शेवटी खोडी. मारका आहे का, जुवाखाली बसतो का, पाणी पाहून अडतो का. हे दिसत नाही, म्हणून अनोळखी बैलाच्या भावातून गिऱ्हाईक संशयाचे पैसे कापून घेतोच. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराबद्दल हेच मांडले. खोट फक्त विकणाऱ्याला माहीत असते, म्हणून चांगल्या गाडीलाही वाईट गाडीचा भाव येतो. त्यांना पुढे, २००१ मध्ये, नोबेल मिळाले. आमच्या दलालांना कोणी विचारले नाही.

माझ्या आणि काकाजींच्या मध्ये असा संशय नव्हताच. चांद्या नहराच्या पाण्याशी क्षणभर थबकतो हे मला त्यांच्याइतकेच माहीत. दलाली नव्हती, बाजाराची पावती नव्हती, गाडीभाडे नव्हते. लंपीवर त्या वर्षी शेळ्यांच्या देवीची लस देत होते, ती दोन्ही बैलांना एकाच दिवशी एकाच झाडाखाली टोचली होती. म्हणजे बाजारात कापला जाणारा पैसा इथे शिल्लक राहत होता. तो कोणाचा? आणि त्याहून मोठा प्रश्न जोडीचा. उन्हाळ्यातल्या भावाने चांद्यासारखा एकटा बैल पंचवीस हजाराच्या आसपास जाईल असा माझा अंदाज होता, लाल्याचेही तेवढेच. पण जमलेली, सहा वर्षे एका जुवाखाली चाललेली जोडी पासष्टला सहज गेली असती. पन्नास आणि पासष्टमधले पंधरा हजार चांद्याच्या अंगात नव्हते आणि लाल्याच्याही नव्हते. चांद्या बाहेर गेला तर ते नाहीसे होणार होते. डावीकडे चालणारा नवा बैल आणून लाल्याशी जुळवायला माझा एक हंगाम गेला असता, आणि काकाजींना हे पक्के ठाऊक होते. मनात आणले असते तर त्यांनी मला अडवून चाळीस मागितले असते. उलट, बाजार बंद आहे, काकाजींना रोख हवी आहे, तणस फुकट खायला घालत बैल किती दिवस ठेवतील, असा विचार करून मी वीस म्हणू शकलो असतो. हा विचार माझ्या मनात आला नाही असे मी म्हणणार नाही.

अडलेल्या माणसाचे जनावर मातीमोल घेण्याचा इतिहास आपल्याकडे मोठा आहे. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ मध्य प्रांताने भोगला. चारा संपला की बैल विकणारे सगळे आणि घेणारा कोणी नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात हेच पुन्हा झाले. आमची झाडीपट्टी तलाव-बोड्यांमुळे आणि जंगलातल्या चराईमुळे थोडी सावरून असे. चिचगड ही भंडारा जिल्ह्यातली जुनी जमीनदारी. जंगल जमीनदाराचे, पण निस्ताराचे हक्क रयतेचे. जमीनदाऱ्या १९५० च्या कायद्याने संपल्या, भंडाऱ्याचा हा भाग १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा झाला. जंगल उरले, पण गुरे राखणारी पोरे शाळेत गेली आणि चराईला पूर्वीचा आधार राहिला नाही. त्यामुळे बैलाच्या किमतीत आता वर्षभराच्या चाऱ्याचा हिशेबही धरावा लागतो.

त्यात २०१५ साल आले. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गाईंच्या कत्तलीला बंदी होती. बैलाला दाखला मिळाल्यास मुभा होती. १९९५ मध्ये मांडलेल्या दुरुस्तीला वीस वर्षांनी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि मार्च २०१५ पासून वळू-बैलही त्या बंदीत आले. कायदा बरा की वाईट यावर गावात दोन्ही मते ऐकायला मिळतात. हिशेबात काय बदलले यावर मात्र एकमत आहे. पूर्वी थकलेला बैल विकून नव्या बैलाच्या किमतीला हातभार लागे. आता चांद्या घेणे म्हणजे त्याची कामाची पाच-सहा वर्षे घेणे आणि नंतरचे म्हातारपणही घेणे. ते म्हातारपण किमतीतून वजा करायचे की नाही? काकाजींपुढे हे तोंडातून काढायला मला जमले नाही. पण त्यांनी ते आधीच धरले होते, हे पुढे कळले.

आजचा कायदा म्हणावा तर १९३० चा वस्तुविक्री कायदा, त्याआधी १८७२ च्या करार कायद्यातच ही कलमे होती. हा कायदा इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावर बेतलेला, आणि त्याची मूळ वृत्ती घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत अशी. याज्ञवल्क्याचे पाच दिवस त्यात नाहीत. पसंतीवर दिलेला माल परत करता येतो, पण तसे आधी ठरलेले असावे लागते. तरी दोन कलमे मला आवडली. नववे म्हणते की किंमत ठरलीच नसेल तर घेणाऱ्याने वाजवी किंमत द्यावी, आणि वाजवी म्हणजे काय हे त्या-त्या प्रसंगावर अवलंबून. इतक्या मोठ्या कायद्याने 'तुमचे तुम्ही पाहा' म्हणावे! दहावे कलम किंमत तिसऱ्या माणसाने ठरवावी अशी सोय देते. त्याने ठरवली नाही, तर करारच रद्द. आपल्याकडे पंच बसवत, ते यापेक्षा फार निराळे नव्हते. मी काकाजींना सुचवलेही, गावातल्या दोन जाणत्यांना विचारू. ते म्हणाले, "तिसऱ्याले का ठावं, हे दोघं कसे चालतेत थे?"

नवव्या दिवशी सकाळी ते आमच्या ओसरीवर येऊन बसले. म्हणाले, "पाहा गुरुजी, मी भाव बोलतो. त्या भावात माहा बैल तुमी घ्या, नाही त त्याच भावात तुमचा बैल मले द्या. तीस हजार."

मी गप्प झालो. लाल्या तीस हजारांना देऊन टाकला तर काकाजी पासष्टची जोडी विकून मोकळे होणार होते, म्हणजे हे नुसते बोलणे नव्हते. वीस म्हणाले असते तर मी हसत घेतला असता आणि त्यांचे नुकसान झाले असते. चाळीस म्हणाले असते तर मी लाल्या देऊन मोकळा झालो असतो. ज्याला भाव बोलायचा, त्याला दोन्ही बाजूंनी उभे राहून बोलावे लागते. जोडीचे निम्मे साडेबत्तीस होतात. मी विचारले, मग तीसच का? चांद्या लाल्याहून वर्षाने मोठा, आणि "त्याचं मातारपन तुमच्याच कोठ्यात जाईन," असे उत्तर आले.

ही रीत त्यांना भावांच्या वाटणीतून माहीत होती. वाटे एकाने पाडायचे, उचलायचे दुसऱ्याने. जगात ती जुनीच आहे. बायबलात अब्राहाम आणि लोट यांची गुरे एका कुरणात मावेनात तेव्हा अब्राहामाने पुतण्याला आधी दिशा निवडू दिली. ग्रीकांच्या कथेत प्रॉमिथियसने एका बैलाच्याच मांसाचे दोन वाटे पाडून झ्यूसला निवडायला सांगितले, पण हाडांवर चरबी पसरून त्याला फसवले. काकाजींकडे चरबी पसरायला जागाच नव्हती. दोन्ही बैल सहा वर्षे माझ्या डोळ्यांपुढे होते.

मी चांद्या घेतला. वीस हजार लगेच दिले, दहा धान विकल्यावर द्यायचे ठरले. पाच दिवसांची गोष्ट मी सहज सांगितली तर काकाजींनी ती मनावर घेतली आणि पाचव्या दिवशी खरेच विचारायला आले, "ठेवता का परत देता?" तोवर चांद्या रोज संध्याकाळी बंडीतून सोडला की सवयीने त्यांच्या कोठ्याकडे चालू लागे आणि ते त्याला कासऱ्याने धरून माझ्याकडे आणून बांधत. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याच्या बारा आकड्यांपुढे मालक म्हणून माझे नाव लागायला पुढे बरेच दिवस लागले. उरलेले दहा हजार मी माघात नेऊन दिले. काकाजींनी ते न मोजता काकींकडे दिले. काकींनी मोजले.