डावी भिंत

आप्पांच्या दुकानाला दोन भिंती होत्या. उजव्या भिंतीवर गिऱ्हाइकांची तयार झालेली कामं लटकायची. लग्नातले जोडफोटो, वारलेल्या माणसांचे फोटो, सत्कारात मिळालेली मानपत्रं, विठ्ठल-रखुमाई, शिवाजी महाराज. ही भिंत आठवड्याला बदलायची. डाव्या भिंतीवरचं मात्र कुणी करायला टाकलेलं नसायचं. तिथं ड्रॉइंगच्या मास्तरांनी जलरंगात काढलेली नीरा नदी असायची, अकलाईचं देऊळ असायचं, वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरातले खांब असायचे, घोडेबाजारात उभ्या उभ्या केलेली घोड्यांची रेखाटनं असायची. अकलूजला आर्ट गॅलरी होती का, असं कुणी विचारलं तर मी ती डावी भिंत सांगतो.

आप्पा म्हणजे माझ्या आईचे वडील. व्यवसाय फोटो फ्रेमिंगचा. दुकानाच्या पाटीवरही तेवढंच होतं. पण मास्तर लोक चित्र पुरं झालं की ते वर्तमानपत्रात गुंडाळून आधी आप्पांकडे आणायचे. आप्पा ते दारातल्या उजेडात धरून बघत, बराच वेळ काही बोलत नसत, आणि आवडलं तर म्हणत, "ठेवा. पट्टी माझी." पट्टी, काच, माऊंट, पाठीमागचा हार्डबोर्ड, सगळा खर्च आप्पांचा. चित्र विकलं गेलं तर त्यातून फ्रेमचे पैसे कापायचे, बाकीचे मास्तरांच्या हातावर. नाही विकलं तर ते भिंतीवर. कित्येक चित्रं वर्षानुवर्षं तिथंच होती आणि आप्पा दर दिवाळीला ती उतरवून, काच पुसून, पुन्हा त्याच जागी लावत.

ही रीत त्यांनी कुठून घेतली, हे मला आजीकडून थोडंथोडं कळत गेलं. तिच्या सांगण्यात सनावळी नसायची. दुष्काळ, पटकी, वारी आणि कुणाच्या तरी बाळंतपणावरून ती काळ मोजायची. सन मी नंतर पुस्तकांतून जुळवले.

पणजोबा, म्हणजे आप्पांचे वडील, चित्रं विकायचे ते पंढरपुरात, आषाढी-कार्तिकीला, जमिनीवर गोणपाट अंथरून. त्यांचा माल दोन ठिकाणचा. एक पुण्याच्या चित्रशाळेचा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी वासुदेव गणेश जोशी यांच्या साथीनं १८७८ साली काढलेल्या या छापखान्यानं रामपंचायतनासारखी रंगीत चित्रं घरोघर पोचवली. दुसरा माल रविवर्म्याच्या प्रेसचा. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत हा छापखाना घातला आणि तो पुढे मळवलीला, कार्ल्याच्या डोंगराजवळ गेला. यंत्रं जर्मन, कारागीरही जर्मन. एकेका रंगाला एकेक दगड, आणि तेवढ्या वेळा कागद दाबाखालून जायचा. शतक पालटलं त्या सुमारास तो प्रेस फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हातात गेला, तरी लोक 'रविवर्म्याची लक्ष्मी' म्हणूनच मागत राहिले. आजी नवी नवरी असताना त्या लक्ष्मीच्या पदराला खरी जर टाचायची, गळ्यात बारीक मणी ओवून चिकटवायची. अशा सजवलेल्या लक्ष्मीला पैसे जास्त यायचे. "पोरी, डोळं गेलं माझं त्या लक्षुमीपायी," असं ती आईला म्हणायची, आणि म्हणताना तिचा चेहरा उजळलेला असायचा.

पणजोबांचं एक म्हणणं आप्पा नेहमी सांगत. पंढरपुरात चित्र खपतं, आपल्या अकलूजकडं, माळशिरस तालुक्यात, खपत नाही, कारण इथं खिळा मारायला भिंत नाही. ते अक्षरशः खरं होतं. पांढऱ्या मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, पावसाळ्यात त्या पाझरतात, आणि पाझरलेल्या भिंतीला टेकलेला कागद दोन वर्षांत वाळवी खाते. तालुका अवर्षणाचा. देव होते ते कोनाड्यात, धातूचे नाहीतर दगडाचे.

भिंत आली ती कालव्यानं. भाटघरचं धरण १९२८ साली झालं आणि नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी या माळरानाला लागलं. पाण्यामागं ऊस आला. सासवडकडच्या माळी समाजातल्या बागाईतदारांनी इथं जमिनी कसल्या आणि १९३२ साली सासवड माळी शुगर फॅक्टरीची कंपनी उभी केली. शेतकऱ्यांनी स्वतः साखर कारखाना काढायचा ही त्या काळात अचाट गोष्ट. त्या कारखान्याभोवती माळीनगर वसलं. श्रीपूरला चंद्रशेखर आगाश्यांचा कारखाना आला, नदीपलीकडं वालचंद हिराचंदांचं वालचंदनगर उभं राहिलं, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला शंकरराव मोहिते पाटलांच्या पुढाकारानं अकलूजचा सहकारी कारखाना. उसाच्या बिलातून पहिल्यांदा विहीर, मग घर. विटांचं, चुन्याचं, पुढं सिमेंटचं. गुळगुळीत, कोरडी, रंग दिलेली भिंत. तिच्यावर काय लावायचं हा प्रश्न या तालुक्याला पहिल्यांदा पडला तेव्हा आप्पा पंचविशी-तिशीचे होते आणि पेठेत त्यांनी नुकताच गाळा घेतला होता.

पहिली काही वर्षं लोकांनी भिंतीवर वाडवडील लावले. मग कॅलेंडरं. ज्यांना 'कॅलेंडर आर्ट' म्हणत नाकं मुरडली गेली त्या चित्रांविषयी मला मनापासून आदर आहे, कारण आप्पांच्या दुकानात त्यांना मिळालेला मान मी पाहिला आहे. रघुवीर मुळगावकरांची देवी, एस. एम. पंडितांचे धिप्पाड पौराणिक पुरुष. मुळगावकर गोव्यातल्या अस्नोड्याचे, पंडित आमच्याच बाजूचे, सोलापूरपलीकडच्या गुलबर्ग्याचे. वर्ष सरलं की बाया खालची तारखांची पानं फाडून वरचं चित्र घेऊन यायच्या. खताच्या किंवा कापडाच्या दुकानाचं नाव कापून टाकायचं आणि चित्राला सोनेरी पट्टी लावायची. आप्पा नाव कापायचे, पण चित्रकाराची सही कधी कापत नसत. सही कडेला गेली असेल तर माऊंट तिथं अरुंद करत. मोठं झाल्यावर मला कळलं की हे करायला त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

डाव्या भिंतीचं मूळ मात्र औंधला आहे. आटपाडी महाल औंध संस्थानातला, आणि आटपाडी आमच्या तालुक्याच्या शेजारची. तिथल्या एका पाहुण्यानं आप्पांना तरुणपणी औंधला नेलं. यमाईच्या डोंगरावरचं श्रीभवानी संग्रहालय १९३८ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलं. हा राजा स्वतः चित्रकार. त्यांनी रामायणावर चित्रमालिका काढून ती पुस्तकरूपानं छापली, सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, स्वतः कीर्तनं केली, आणि जे. जे. त शिकलेल्या श्रीपाद दामोदर सातवळेकरांसारख्या चित्रकाराला औंधात आसरा दिला. तेच पुढे वेदांचे पंडित म्हणून ओळखले गेले. एवढ्याशा संस्थानात रविवर्म्याची आणि धुरंधरांची अस्सल चित्रं, शिवाय हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प. आप्पा त्या दालनात उभे राहिले आणि त्यांना, त्यांच्याच शब्दांत, "घाम फुटला". ज्या रविवर्म्याची चित्रं घरात गठ्ठ्यानं पडलेली असायची, त्याच्या हातचा रंग पहिल्यांदा दिसत होता. कॅनव्हासवर चढलेला, कुठं जाड, कुठं पातळ. छापील चित्रात तो सगळीकडं सारखाच सपाट असतो.

"तवा कळलं," ते म्हणायचे, "चित्र कुणीतरी काढतं." हे वाक्य ते फार गंभीरपणे म्हणत. छापील देवांच्या गठ्ठ्यांत वाढलेल्या माणसाला चित्रामागं हात असतो हे कळणं ही त्यांच्या आयुष्यातली मोठी घटना होती. पुढं कुणी ड्रॉइंगचा मास्तर गुंडाळी घेऊन दारात आला की ते त्याचे हात बघायचे.

या मास्तरांविषयी कुणी लिहीत नाही. ए. टी. डी. ही कलाशिक्षकाची पदविका करून तालुक्याच्या शाळांत लागलेली ही माणसं. वर्षभर पोरांकडून एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी करून घ्यायची. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. शाळेचे फलक तेच लिहिणार, स्नेहसंमेलनाचा पडदा तेच रंगवणार, पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी त्यांच्याच माथी. स्वतःचं चित्र काढायला उरायची ती मे महिन्याची सुट्टी. अकलूजच्या मे महिन्यात जलरंगाचा हात कागदावर फिरायच्या आत वाळतो. म्हणून ते पहाटे नीरेवर जाऊन बसायचे. आमच्या तालुक्यातल्या त्या काळच्या निसर्गचित्रांत सगळीकडं पहाटेच्या लांब सावल्या आहेत, त्या यामुळं.

अशाच एका मास्तरांनी मुंबईहून येऊन आप्पांना केकू गांधींची गोष्ट सांगितली. आप्पांनी ती पुढं शेकडोंना ऐकवली असेल. १९४१ साली मुंबईत केकू गांधींनी केमोल्ड नावानं फ्रेमचा धंदा सुरू केला. फ्रेमच्या दुकानात रिकामी चौकट दाखवायची तर तिच्यात काहीतरी हवं, म्हणून तरुण चित्रकारांची चित्रं लागली. आरा, हुसेन, हेब्बर ही तेव्हाची धडपडणारी माणसं. त्या काळात नवी चित्रं दाखवायला जागा फारशी नव्हती. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली झाली. पुढं १९६३ साली जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उघडली आणि पन्नासहून अधिक वर्षं तिचं नाव भारतीय चित्रकलेत गाजत राहिलं. उगम फ्रेमच्या दुकानाचा. आणि त्यातला हुसेन तर जन्मानं पंढरपूरचा, १९१५ चा; आमच्या पणजोबांनी गोणपाट अंथरलं त्याच गावातला.

या गोष्टीनं आप्पांना किती बळ दिलं असेल! आपण करतोय ते वेड नाही, असं करणारा दुसरा एक माणूस मुंबईत आहे. मला तर वाटतं, महाराष्ट्रातल्या कलेचा इतिहास लिहिताना आपण जे. जे. पासून जहांगीरपर्यंतच्या रस्त्यावर घुटमळतो आणि तालुक्याच्या पेठेतल्या फ्रेमवाल्याला विसरतो. काच कापायचा हिरा हातात धरणारा हा माणूस चित्राचा पहिला परीक्षक होता, कित्येकदा पहिला आणि एकुलता आश्रयदाता.

मग विकत घ्यायचं कोण? कारखान्याचे इंजिनिअर, डॉक्टर, बँकेतले अधिकारी. आणि त्यांच्याहून जास्त, बदलीची ऑर्डर. गावातून साहेब बदलून निघाला की निरोप समारंभ, आणि निरोपाला भेट हवी. आप्पांनी स्टाफच्या माणसांना पटवलं होतं, की घड्याळ कुठंही मिळतं, साहेबांना अकलूज द्या. त्यामुळं नीरेची घाटावरची पहाट आज लातूर, धुळे, नागपूर अशा कुठल्या कुठल्या दिवाणखान्यांत लटकत असेल.

आषाढात तुकोबांची पालखी इंदापूर सोडून सराटीला येते, नीरेत पादुकांना स्नान होतं आणि पूल ओलांडून ती अकलूजला पोचते. माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण. त्या दिवशी उजव्या भिंतीचा विठ्ठल हातोहात जायचा. पण पावसाला आडोसा म्हणून दुकानात शिरलेले वारकरी डाव्या भिंतीपुढं थांबायचे. "ही सराटीची बाजू हाय," कुणीतरी बोट ठेवायचा. दुसरा म्हणायचा, "न्हाई, पलीकडली. ह्यो वड बघ की." मग वाद. मास्तरांच्या चित्राला याहून चांगले रसिक मिळाल्याचं मला आठवत नाही. विकत त्यातला कुणी घेत नसे आणि आप्पा त्यांना चहा पाजत.

आप्पा गेले तेव्हा फ्लेक्सचा जमाना सुरू झाला होता. ब्रशनं पाट्या लिहिणाऱ्या पेंटरांची कामं एकेक करून सुटली. फोटोही मोबाइलमध्ये राहू लागले. मामा दुकान चालवतो ते आता अॅक्रिलिकची स्मृतिचिन्हं, डिजिटल प्रिंट आणि लावणी स्पर्धेसारख्या कार्यक्रमांच्या सन्मानपत्रांवर. तक्रारीचा सूर त्याच्याकडं नाही. अकलूजच्या किल्ल्यातल्या शिवसृष्टीत शिवचरित्रातली शिल्पं झाली तेव्हापासून गावातली चार पोरं शिल्पाकडं वळली असं तो सांगतो, आणि कला महाविद्यालयातून सुट्टीला आलेली मुलं आता कॅनव्हास घेऊन त्याच्याकडं येतात. मोठे, अमूर्त. मामाला ते समजतात असं नाही. तो दारातल्या उजेडात धरतो, बघतो आणि म्हणतो, "ठेव. पट्टी माझी."

गेल्या वर्षापासून मामा आणि मी एक काम हाती घेतलं आहे. आप्पांच्या हिशेबाच्या वह्यांत कोणतं चित्र कुठल्या खात्याच्या कुठल्या निरोपाला गेलं याच्या नोंदी आहेत. पत्ते शोधून आम्ही त्या घरांना फोन करतो. काही चित्रं वाळवीनं गेली, काही माळ्यावर सापडली, एका घरी चित्र देवघरावर आहे आणि घरचे ते खाली काढायला तयार नाहीत. चित्र परत मागायचंच नाही, एवढं मामानं पहिल्याच दिवशी ठरवलं. फक्त फोटो घ्यायचा, मास्तरांचं नाव मागं लिहायचं, आणि जुना पुठ्ठा काढून नवा बसवून द्यायचा. खळीत मोरचूद घालून कागद चिकटवायचा, म्हणजे कसर लागत नाही. पुढच्या रविवारी बार्शीला जायचंय. तिथल्या निवृत्त इंजिनिअरांच्या सुनेनं सांगितलंय, काच तडकलीये, येताना मापाची काच घेऊन या.