वऱ्हाडचा इजारा आणि हरिकेन विमान

पैनगंगेच्या उत्तरेस वाशीम आणि दक्षिणेस हिंगोली ही गावे आज शेजारच्या दोन जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे असली, तरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांचे नाते मुख्यत्वे जमाखर्चाचे होते. कारण निजामाच्या खर्चाने परंतु इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखाली राहणाऱ्या हैदराबाद कंटिंजंट नामक फौजेची एक छावणी हिंगोलीस होती, आणि त्या फौजेचा तुंबलेला पगार व त्यापायी साचलेले कर्ज यांची तजवीज व्हावी म्हणून लॉर्ड डलहौसीने 1853 च्या तहनाम्याने वऱ्हाडचा मुलूख, आणि त्यासोबत मोगली अमदानीपासून ‘सरकार’ म्हणून नांदत आलेले वाशीम, आपल्या ताब्यात घेतले. स्वामित्व निजामाचे आणि वसुली इंग्रजांची, अशी ही विलक्षण व्यवस्था होती. 1902 साली लॉर्ड कर्झनने निजाम मीर महबूब अली खान यांच्याशी नवा करार करून तिला कायमचे स्वरूप दिले. वऱ्हाड सालिना 25 लाख रुपयांच्या खंडाने निरंतर इजाऱ्यावर घेतले गेले आणि कंटिंजंटची स्वतंत्र फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्यातील एका पलटणीस वऱ्हाडचे नाव मिळाले होते, आणि कुमाऊँ रेजिमेंटची दुसरी पलटण आजही ते वागवते. पुढे 1905 मध्ये वाशीम जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळ या जिल्ह्यांत वाटण्यात आला, तो 1 जुलै 1998 रोजी पुन्हा उभा राहीपर्यंत जवळजवळ एक शतक लोटले.

जुन्या काळच्या लढाऊ विमानाची, रेडिओच्या संकेतांवर उडणारी प्रमाणबद्ध प्रतिकृती घडविण्याचा विचार वाशीम, कारंजा किंवा रिसोड येथील एखाद्या हौशी कारागिराच्या मनात आला, तर हा छंद परदेशी आणि त्याचा विषयही परदेशी, असे त्याला कोणी सहज ऐकवील. मला ते मान्य नाही. लष्कराचा खर्च आणि वऱ्हाडचा महसूल यांची जी गाठ 1853 मध्ये बसली, तिचा एक पदर थेट आकाशात गेलेला आहे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी, म्हणजे 1918 मध्ये, निजाम मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिश हवाई दलाच्या 110 क्रमांकाच्या स्क्वाड्रनसाठी डी. एच. 9 ए जातीची विमाने नजर केली. प्रत्येक विमानाच्या अंगावर दात्याचे नाव आणि ‘हैदराबाद’ असा उल्लेख करून अनुक्रमांक घातलेला होता. त्यांपैकी एक विमान ऑक्टोबर 1918 मध्ये जर्मनांच्या हाती लागले, बर्लिनच्या संग्रहालयात ठेवले गेले, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत पोलंडला पोहोचले आणि 1977 साली इंग्लंडला परत आले. लंडनच्या हवाई दल संग्रहालयात ते आजही पाहावयास मिळते. त्याच 1918 साली निजामास ‘ब्रिटिश सरकारचा एकनिष्ठ दोस्त’ हा किताब मिळाला, आणि अवघ्या पाच वर्षांनी त्याने वऱ्हाड परत मागितले. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने 1926 मध्ये ती मागणी कठोर शब्दांत फेटाळली. 1936 च्या करारात निजामाचे नाममात्र स्वामित्व पुन्हा मान्य होऊन त्याच्या थोरल्या पुत्रास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली, मुलूख मात्र मिळाला नाही. विमानांची ही नजर आणि वऱ्हाडवरील हा दावा या एकाच राजकारणाच्या दोन चाली होत्या, असे त्या सालांचा क्रम पाहता माझे मत झाले आहे. वाशीमच्या रयतेला मात्र या खलित्यांत कोणी विचारले नाही. तिने भरलेला सारा इंग्रजांच्या तिजोरीत जाई, त्यातून इजाऱ्याची रक्कम हैदराबादेस पोहोचे, आणि एकदा खजिन्यात मिसळलेल्या रुपयाला गाव उरत नसल्यामुळे वाशीमकरांनी अमुक विमानाचे इतके पैसे दिले असा हिशेब कोणी मांडणार नाही. तथापि ज्या दौलतीच्या नावाने ती विमाने उडाली, तिच्या दप्तरात वऱ्हाड हा एक सुभा होता, एवढे निर्विवाद आहे.

दुसरे महायुद्ध सुरू होताच, 1939 च्या ऑक्टोबरात, हैदराबादचे नाव धारण करणारी आणखी दोन स्क्वाड्रन उभी राहिली. 152 क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे स्पिटफायर विमाने आली. तिच्या मानचिन्हावर निजामाचे शिरोभूषण होते आणि ब्रीदवाक्य होते तोच 1918 चा किताब. पुढे हीच स्क्वाड्रन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली आणि तेथे तिच्या विमानांवर झेपावणारा काळा चित्ता रंगविलेला असे. 253 क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे हरिकेन विमाने होती. 1940 च्या ऑगस्टअखेर लंडनच्या दक्षिणेस केन्ली येथे ती दाखल झाली आणि लगोलग घनघोर लढाईत सापडली. तिचे नेतृत्व केलेले स्क्वाड्रन लीडर टॉम ग्लीव्ह 31 ऑगस्ट रोजी पेटत्या विमानातून उडी घेऊन, अंगभर भाजलेल्या अवस्थेत, कसेबसे वाचले.

तेव्हा वऱ्हाडातल्या कारागिराने कोणते विमान निवडावे? स्पिटफायरचे सौंदर्य मोहात पाडणारे आहे, हे मी नाकारीत नाही. तरी माझा कौल 253 स्क्वाड्रनच्या हरिकेनला आहे, आणि त्याचे पहिले कारण त्या विमानाच्या जनकाच्या कुळात आहे. सिडनी कॅम हा 1893 साली इंग्लंडमधील विंडसर येथे एका सुताराच्या घरी जन्मला, स्वतः सुतारकामाची उमेदवारी केली, भावांसह विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवून ईटनच्या शाळकरी मुलांना विकल्या, गावात प्रतिकृतिकारांचे मंडळ स्थापण्यात पुढाकार घेतला, आणि विमानाच्या कारखान्यात त्याचा प्रवेश झाला तोही सुतार म्हणूनच. रंधा आणि पटाशी यांच्या संगतीत वाढलेल्या या माणसाने 6 नोव्हेंबर 1935 रोजी प्रथम उडालेले हरिकेन आखले. त्याचा धाकटा भाऊ फ्रेडरिक पुढे रेडिओविषयक नियतकालिकाचा संपादक झाला. म्हणजे प्रतिकृती विमान आणि बिनतारी विद्या ही दोन्ही एकाच सुताराच्या घरात नांदली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

दुसरे कारण रचनेचे आहे. स्पिटफायरचा देह धातूच्या पत्र्याचा, त्या कवचावरच भार पेलणारा. हरिकेनच्या पोटात धातूच्या नळ्यांचा सांगाडा असला, तरी त्याच्या पाठीचा गोलवा लाकडी पडद्या आणि त्यांवरून लांबवर धावणाऱ्या बारीक लाकडी काठ्या यांनी साधलेला होता, आणि त्यावर ताणलेले कापड डोप नावाच्या रोगणाने घट्ट केलेले असे. आरंभीच्या हरिकेनचे पंखसुद्धा कापडाचेच होते. प्रतिकृतिकार बाल्सा लाकडाच्या फाळ्या कापून पडद्या उभ्या करतो, त्यांच्या खाचांत काठ्या बसवितो आणि वर कापड ताणतो, तेव्हा तो मूळ कारागिराचीच कृती लहान मापात पुन्हा करीत असतो, आणि कापडाखालून उमटणाऱ्या काठ्यांच्या रेषा खऱ्या विमानावर जशा दिसत तशाच येथे दिसतात. बाल्सा दक्षिण अमेरिकेतून येतो आणि महाग पडतो. सावंतवाडीचे खेळणीकार वापरीत आलेला पांगारा हलका असला, तरी बाल्साइतका हलका नाही. म्हणून पांगाऱ्याचा उपयोग ठोकळ्यातून कोरावयाच्या लहान भागांपुरता ठेवावा आणि फासळ्या बाल्साच्याच कराव्यात.

वजनाची ही चिंता अनाठायी नाही. हरिकेनच्या पंखांचा विस्तार 40 फूट. एक-पंचमांश मापाची प्रतिकृती केली तर तो 8 फूट होतो. पंखांचे क्षेत्रफळ पंचविसाव्या हिश्श्यावर येते, घनफळ मात्र सव्वाशेव्या. सुमारे 3,000 किलो वजनाच्या मूळ विमानाचा सव्वाशेवा भाग म्हणजे 24 किलो. परंतु लहान पंखावर वाहणारी हवा मोठ्या पंखाइतकी कार्यक्षमतेने उचल देत नाही, त्यामुळे कुशल कारागीर त्याच्या निम्म्याहून कमी वजनात काम भागवू पाहतो. त्यातही एक पेच असतो. मूळ विमानाच्या नाकात रोल्स-रॉइस कंपनीचे मर्लिन नावाचे भारी एंजिन होते, प्रतिकृतीचे एंजिन त्या मानाने हलके. म्हणून शेपटीकडे वाचविलेल्या प्रत्येक ग्रॅमपायी नाकात घालावयाचे शिसे कित्येक पटींनी कमी होते. शेपटीचे लाकूड निवडताना ज्याने हात आखडता घेतला नाही, त्याला नाकात शिशाची किंमत मोजावी लागते.

अशी प्रतिकृती ज्याच्या संकेतांवर उडते, त्या रेडिओचा इतिहास येथे थोडक्यात सांगितला तरी पुरे. अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी 1938 च्या सुमारास प्रतिकृती विमान बिनतारी संकेतांनी यशस्वीपणे उडविले. आपल्याकडे 1933 च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगण्यास मनाई असल्यामुळे, आणि यंत्रेही दुर्मीळ असल्यामुळे, पुष्कळ काळ दोन तारांच्या टोकाशी गोल फिरणारे विमान हीच हौशी मुलांची मजल राहिली. राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेने, जिची पहिली पथके 1950 मध्ये मुंबई आणि कलकत्ता येथे उभी राहिली, प्रतिकृती विमानांच्या विद्येचे शिस्तशीर शिक्षण दिले, हे तिचे मोठे ऋण आहे.

आणि तिसरे कारण वऱ्हाडच्या जमिनीचे. स्पिटफायरची चाके बाहेरच्या अंगास मिटत, त्यामुळे जमिनीवर त्यांतील अंतर अरुंद राही. हरिकेनची चाके आतल्या अंगास मिटत, त्यामुळे त्याचा पाया रुंद आणि खडबडीत मैदानावर विश्वासाचा होता. वाशीमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात तळहात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात तीच माती चाकाला चिकटून त्याला फिरू देत नाही. म्हणून उड्डाणासाठी सोयाबीन निघून गेल्यावरचे आणि हरभरा न पेरलेले रान धरावे, कार्तिक-मार्गशीर्षात भेगा उघडण्यापूर्वीच त्यावर रूळ फिरवून वाऱ्याच्या रोखाने लांब पट्टी काढावी, आणि शक्यतो सकाळी, वारा स्थिर असताना, विमान उभे करावे. वरून गडद तपकिरी आणि गडद हिरवा, खालून फिकट निळसर हिरवा, आणि बगलेवर राखाडी रंगात 253 स्क्वाड्रनची ‘एस डब्ल्यू’ ही दोन अक्षरे, असा त्याचा 1940 सालचा वेष असावा.