खेड्यातलं छापील व्यासपीठ : 'दीनमित्र'चा उदय आणि अस्त

केमचं कुंकू महाराष्ट्रभर जातं. गावाला रेल्वे स्टेशन आहे, माल बाहेर पाठवायची वाट जुनी आहे. पण गावाचं गाऱ्हाणं, गावाचा विचार बाहेर कोणत्या वाटेनं जातो? आज या प्रश्नाचा इतिहास बघायचाय. त्यासाठी शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या तरवडीला जाऊ.

24 सप्टेंबर 1873 रोजी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यात 'दीनबंधु' काढलं. ते पुढे मुंबईला नारायण मेघाजी लोखंड्यांकडे गेलं. भालेकरांचा मुलगा दत्तक गेला आणि पाटील झाला. हेच मुकुंदराव पाटील. 1910 साली त्यांनी 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केलं, आणि तेही खेड्यातून! आधी सोमठाणे, मग तरवडी.

आता काळ बघा. त्याच वर्षी सरकारनं नवा प्रेस कायदा आणला. छापखानेवाल्याकडून जामिनकी मागायचा अधिकार त्यात होता. 1911 च्या शिरगणतीत देशात शंभरात जेमतेम सहा माणसं साक्षर. मग खेड्यातलं पत्र वाचणार कोण?

याचं उत्तर 'वाचक' या शब्दाच्या अर्थात आहे. तेव्हा वाचणारा एक आणि ऐकणारे दहा असायचे. अंकाची मोजदाद प्रतींवर करून भागत नाही, ती कानांवर करावी लागते. आणि ऐकणाऱ्याला पटावं असंच मुकुंदराव लिहीत. सावकाराचं व्याज, कुलकर्ण्याचं दप्तर, लग्न-बारशातलं कर्ज, भटभिक्षुकी हे विषय. भाषा रांगडी, उपरोधाची. 'कुलकर्णी लीलामृत' आणि 'शेटजीप्रताप' ही त्यांच्या पुस्तकांची नावंच बघा, रोख कुणावर आहे ते लगेच कळतं.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून एक गोष्ट सांगतो. कांटनं 1784 साली लिहिलं की प्रबोधनासाठी बुद्धीचा सार्वजनिक वापर करण्याचं स्वातंत्र्य लागतं. त्याच्या डोळ्यांसमोर होतं ते शिकलेलं, वाचणारं जग. 'दीनमित्र'नं तो वापर नांगरधाऱ्यांच्या पारावर आणून ठेवला. हे काम लहान नाही.

आणि ते टिकलं किती? बाबासाहेबांचा 'मूकनायक' 31 जानेवारी 1920 ला निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, तरी 1923 पर्यंत तो बंद पडला. 'दीनमित्र' मात्र 1967 पर्यंत, म्हणजे 57 वर्षं चाललं.

मग ते संपलं का? वरवरचं कारण सोपं आहे : 1967 साली मुकुंदराव गेले. पण माझ्या मते ऱ्हास त्याआधीच सुरू झाला होता. 1930 नंतर ब्राह्मणेतर चळवळीतले जेध्यांसारखे पुढारी काँग्रेसमध्ये गेले. ज्या चळवळीचं हे पत्र, तीच विखुरली. स्वातंत्र्यानंतर कुलकर्णी वतन गेलं, सावकारावर कायदे आले. ज्यांच्यावर आसूड ओढायचा ते बदलले, आणि नवे सत्ताधारी तर आपलेच! आपल्या माणसावर टीका करणं फार अवघड असतं, बरं का. शिवाय 1 जून 1948 ला पहिली एसटी धावली, तीही नगर-पुणे मार्गावर. वाहतूक वाढली तशी शहरी दैनिकं गावोगाव पोचायला लागली. ताजी बातमी मिळाली, पण त्या बातमीत गाव फक्त अपघात आणि निवडणूक यांपुरतं उरलं.

यातून दोन गोष्टी दिसतात. एका माणसाच्या जिद्दीवर पत्र उभं राहतं, पण त्याच्या पश्चात चालायला वारस लागतो, संस्था लागते. दुसरी अशी, की पत्र बंद पडलं म्हणून त्याचं काम वाया जात नाही. अंक जपले गेले म्हणून 'दीनमित्र'चे अग्रलेख आज पुस्तकरूपानं वाचता येतात.

तेव्हा केमकरांना एवढंच सांगणं : आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, छापखाना नको, जामिनकी नको. सकाळी शुभेच्छा, संध्याकाळी वाढदिवसाचे फलक, हे भरपूर चाललंय. पण गावच्या सोसायटीचा हिशेब, शाळेची अवस्था, कुंकू बनवणाऱ्यांची मजुरी यांवर नाव घालून, जबाबदारीनं लिहिणारा कोण आहे? आणि ते लिखाण पन्नास वर्षांनी कुणाला सापडेल का? खेड्यात 1910 साली जे जमलं, ते आज इथं अवघड का वाटावं, याचा विचार करा.